आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वयंसेवक व्हायचंय? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे नोव्हेंबर २०२५ मध्ये पक्कं झालं. तेव्हापासून ‘आम्हाला तिथे स्वयंसेवक म्हणून जाता येईल का?’ असं कुणी ना कुणी विचारतंच. सिडकोतून, पंचवटीतून, नाशिकरोडहून, सिन्नर-निफाडमधून, अगदी सुरगाण्यातूनही. आम्ही म्हणजे मॅरेथॉन, सायकल शर्यती आणि बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धांमध्ये ड्यूटी केलेली इथलीच काही मंडळी. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, फक्त ‘सर प्लीज रिप्लाय’ तेवढं गाळलं आहे. उत्तराचा एखादा भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. स्वयंसेवकाला नक्की काय काम असतं? मैदानात उभं राहायचं असतं का?

बहुतेकांना मैदान दिसतही नाही. गेटवरची रांग सरळ ठेवणं, विमानतळावर संघाची वाट बघणं, बॅगा मोजून बसमध्ये चढवणं, क्रीडाग्रामात खोल्यांच्या किल्ल्या देणं, पत्रकारांच्या टेबलावर निकालाचे कागद नेऊन ठेवणं, गणवेश केंद्रात मापाचे बूट शोधणं, हरवलेल्या वस्तूंची नोंद ठेवणं, इतर स्वयंसेवकांची हजेरी घेणं. कामाचा मोठा हिस्सा हाच. लंडन २०१२ ला ७०,००० स्वयंसेवक होते, पॅरिस २०२४ ला ४५,०००, कतारच्या २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाला २०,०००. त्यातले प्रत्यक्ष खेळाच्या जागेत पाय ठेवणारे थोडेच.

सफाई, स्वयंपाक आणि सुरक्षा ही कामं कंत्राटदारांची पगारी माणसं करतात. पंच आणि स्टार्टर हेही वेगळे, त्यांच्यासाठी प्रश्न १९ बघा.

२. मॅच बघायला मिळते का हो? खरं सांगा.

नाही. आवाज ऐकू येतो. प्रेक्षक विभागात ड्यूटी लागली तरी तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ मैदानाकडे ठेवायची असते. उद्घाटनाच्या रंगीत तालमीचे पास कधीमधी मिळतात, त्यावर समाधान. मॅच बघायची असेल तर तिकीट काढा, ते स्वस्त पडतं.

३. पैसे मिळतात का? निदान जाण्यायेण्याचे?

मानधन नसतं. गणवेश, ड्यूटीच्या दिवशी जेवण, स्पर्धेच्या शहरातला प्रवास आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढं साधारणपणे मिळतं. बाकीचं प्रत्येक स्पर्धेचं वेगळं गणित. पॅरिसला पोचायचं कसं आणि राहायचं कुठे हे ज्याचं त्याने बघायचं होतं. टोकियोत रोजच्या प्रवासासाठी १,००० येनचं कार्ड मिळायचं. कतारने बाहेरून आलेल्या सुमारे ३,००० जणांची राहण्याची सोय केली होती. फॉर्ममध्ये आधी ही ओळ शोधा, कारण नाशिकहून जाणाऱ्याचा सगळा खर्च तिच्यावरच ठरतो.

४. अब्जावधींची उलाढाल होते, मग आम्ही फुकट का राबायचं?

प्रश्न रास्त आहे. पॅरिसच्या वेळीही यावरून बरीच टीका झाली होती. आमचं मत असं, की जे काम एरवी पगार देऊन करून घ्यावं लागतं ते स्वयंसेवकाच्या नावाखाली फुकट करून घेणं चूक. गोदामात माल उतरवणं, रात्रभर राखण करणं, सलग बारा-बारा तास एका जागी उभं ठेवणं, याला सरळ नाही म्हणा. वाट दाखवणं, दुभाष्याचं काम, खेळाडूंची धावपळ हे वेगळं. ते हौसेने करण्यासारखं आहे.

ज्याचं घर त्या महिन्याच्या कमाईवर चालणार आहे त्याने मात्र स्वयंसेवक होऊ नये. त्याच स्पर्धेत तात्पुरते मंडप, केबल, जनरेटर, ध्वनियंत्रणा, वाहतूक अशी पगारी कामं निघतात. त्यांची भरती ठेकेदारांमार्फत होते. नाशिकच्या मंडपवाल्यांना आणि इलेक्ट्रिशियन पोरांना हे कुणी सांगतच नाही.

५. मी बारावीत आहे, १७ पूर्ण. आजोबाही विचारतायत, ते ६८ चे आहेत.

तू थांब, आजोबांना पाठव. बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण लागतात, तेही आयोजकांनी ठरवलेल्या तारखेला. पॅरिससाठी ती तारीख १ जानेवारी २०२४ होती. लंडनने १६ ते १८ वयाच्या मुलांसाठी एक वेगळी छोटी योजना ठेवली होती, पण तो अपवाद. बॉल बॉय किंवा ध्वज धरणारी मुलं शाळा आणि संघटनांमार्फत निवडतात, त्याचा या फॉर्मशी संबंध नाही.

वरची वयोमर्यादा सहसा नसते. निवृत्त मंडळी वेळेवर येतात आणि सहसा चिडत नाहीत, त्यामुळे सुपरवायझरला ती आवडतात. आजोबांनी सलग किती वेळ उभं राहता येतं एवढं खरं लिहावं. बसून करायची कामंही भरपूर असतात.

६. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं, इंग्रजी यथातथाच. नाव काढून टाकतील का?

काम चालेल इतकं बोलता आलं की झालं. मुलाखतीत व्याकरण बघत नाहीत. गोंधळलेल्या माणसाला तीन वाक्यांत रस्ता सांगता येतो का, ते बघतात. घरी असा सराव करा: सीबीएसवरून कॉलेजरोडला कसं जायचं हे फोनवर एखाद्या मित्राला इंग्रजीत सांगा. फोनवर हातवारे चालत नाहीत, म्हणून फोनवरच.

एक मात्र पाठ करून ठेवा. कळलं नसेल तर ‘हो’ म्हणायचं नाही. समोरच्याचा मान राखायला आपण मान डोलावतो, पण बस साडेचारला आहे की साडेपाचला हे ज्या प्रशिक्षकाला हवंय, त्याची त्या मान डोलावण्याने बस चुकते.

अहमदाबादसाठी गुजराती येत असेल तर आवर्जून लिहा. सुरगाणा, पेठ, बागलाणच्या सीमेकडच्या बऱ्याच मुलांना ती येते आणि लिहायचं मात्र सुचत नाही. खुणांची भाषा येत असेल तर ती सगळ्यात वर.

७. ग्रुपवर २०३० चा ‘व्हॉलंटियर रजिस्ट्रेशन’ फॉर्म फिरतोय, ४९९ रुपये भरायचे आहेत. भरू का?

नका भरू. फी मागितली की तिथेच थांबायचं. खऱ्या स्पर्धेत अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, गणवेश, ओळखपत्र यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. आधारचा फोटो आणि ओटीपी मागणारे तर त्याहून वाईट. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

खरी भरती साधारण वर्ष-सव्वा वर्ष आधी उघडते. पॅरिसचं पोर्टल २२ मार्च ते ३ मे २०२३ एवढंच उघडं होतं आणि स्पर्धा होती २०२४ च्या जुलैत. तेवढ्या सहा आठवड्यांत तीन लाखांहून जास्त अर्ज आले. त्यामुळे चार-चार वर्षं आधी ‘शेवटच्या काही जागा’ असं कुणी लिहीत असेल तर ओळखा. माहिती स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ पोर्टलवर नाव नोंदवून ठेवायलाही हरकत नाही.

८. अनुभव म्हणून काय लिहू? मी फक्त कुंभमेळ्यात आणि गणपती मंडळात काम केलंय.

‘फक्त’ कशाला? पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे जाणारी गर्दी हलती ठेवलेल्या माणसाला स्टेडियमचं गेट अवघड नाही. प्रेक्षक येताना दोन-तीन तासांत थोडे थोडे येतात, सुटल्यावर मात्र सगळे एकदम निघतात. त्यात अरुंद जागी दोन दिशांची माणसं समोरासमोर आली की धोका. २००३ च्या कुंभातली चेंगराचेंगरी नाशिक विसरलेलं नाही. एकेरी मार्ग कशासाठी असतो हे इथल्या जुन्या स्वयंसेवकांना समजावून सांगावं लागत नाही, आणि हीच गोष्ट इतर ठिकाणच्या उमेदवारांना प्रशिक्षणात शिकवावी लागते.

पण ‘कुंभमेळ्यात सेवा केली’ एवढंच लिहिलं तर बाहेरच्या माणसाला काही कळणार नाही. काम लिहा. कुठे उभे होता, पाळी किती तासांची, तुमच्या सोबत किती जण, अडचण काय आली, तुम्ही काय केलं. भाषा येत नसलेल्या आजींचं गाव कसं शोधून काढलं आणि त्यांना मदत केंद्रापर्यंत कसं नेलं, हे चार ओळींत लिहिलेलं दहा प्रमाणपत्रांपेक्षा बरं. मंडळाचंही तसंच. वर्गणीचा हिशेब ठेवला असेल तर तो एक अनुभव, विसर्जन मिरवणुकीत दोरी धरून ढोलपथक आणि बघे यांच्यात अंतर राखलं असेल तर तो दुसरा. दोन्ही वेगवेगळे लिहा. २०२७ च्या सिंहस्थात काम करणारे असाल तर रोज रात्री दोन ओळी वहीत टिपा, नंतर काहीही आठवत नाही.

सायकलवाल्यांनीही लाजू नये. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हापासून इथे लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड आहे. त्याबरोबर मागच्या गाडीत रात्रभर जागणारी, बाटल्या भरणारी, पुढचं वळण सांगणारी क्रूची मंडळीही तयार झाली. ती रात्र-रात्र जागलेली गाडी अर्जात आलीच पाहिजे.

९. त्याआधी सराव नाशिकमध्ये कुठे करता येईल?

जानेवारीत इथे धावण्याचा हंगाम असतो, मविप्र मॅरेथॉन असते, नाशिक रन असते. पाण्याच्या टेबलावर उभे राहा. ग्लास मुठीत आवळून धरायचा नाही, तळहातावर ठेवायचा, म्हणजे धावणाऱ्याला पळता पळता उचलता येतो. सगळी झुंबड पहिल्या टेबलावर पडते. मुरलेला माणूस ‘पुढे आहे, पुढे आहे’ असं ओरडत लोकांना शेवटच्या टेबलाकडे पाठवतो.

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना आला किंवा हिरावाडीच्या मीनाताई ठाकरे क्रीडा संकुलात मोठी स्पर्धा असली की माणसं लागतातच. जिल्हा संघटनेत समक्ष जाऊन विचारा, ईमेलची वाट बघू नका. पुढची पायरी मुंबई मॅरेथॉन, किंवा जानेवारी २०२६ मध्ये झाली तशी पुणे ग्रँड टूरसारखी सायकल शर्यत. तिथे प्रत्येक वळणावर शिट्टी आणि झेंडा घेतलेला माणूस लागतो. शर्यत त्याच्यासमोरून काही सेकंदांत निघून जाते, रस्ता मात्र तासन्‌तास अडवून धरावा लागतो. समोर दुधाची गाडी घेऊन आलेल्या काकांशी नीट बोलता येणं हे त्यातलं खरं कौशल्य.

१०. कोणता विभाग मागू?

ज्याची सवय आहे तो. हॉटेलात काम करणाऱ्याने क्रीडाग्राम, बँकेतल्याने ओळखपत्रांचं टेबल, नर्सने वैद्यकीय. खेळलेले असाल तर ‘स्पोर्ट’ विभाग मागा, तिथली कामं बारीक असतात आणि चुकीला जागा नसते. दोन सांगतो.

अ‍ॅथलेटिक्समध्ये शर्यतीआधी खेळाडूंना कॉल रूममध्ये बसवतात. पंच बूट तपासतो. स्पाइकचे खिळे ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत, उंच उडी आणि भालाफेकीला १२ पर्यंत. मग छातीवरचा क्रमांक, जर्सी, बॅगेत फोन राहिलाय का, हे बघतात. स्वयंसेवकाकडे असतात टोपल्या. स्टार्टला प्रत्येक लेनमागे एक. धावपटू ट्रॅकसूट, बाटली, कधी गळ्यातला ताईत त्यात टाकतो, आणि बंदूक वाजली की तुम्ही टोपली उचलून निघता, कारण तो आता इथे परत येणार नसतो. धापा टाकत मिक्स्ड झोन, म्हणजे पत्रकार खेळाडूंना गाठतात ती वाट, पार करून तो पलीकडे आपले कपडे शोधणार असतो. चार नंबर लेनची टोपली पाच नंबरच्या मुलीपुढे गेली तर आधीच हरलेल्या मुलीचं रडू तुमच्यावर निघतं. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीत १०,००० मीटरचं कांस्य घेतलं. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या संध्याकाळीही २५ फेऱ्या संपेस्तोवर कुणीतरी टोपल्या सांभाळत थांबलेलं असणार.

रोइंगचं काम आणखी मजेशीर. २,००० मीटरच्या शर्यतीत सुरुवातीला प्रत्येक लेनमागे एक तरंगता फलाट असतो. त्यावर एक जण पालथा झोपून होडीचं मागचं टोक धरून ठेवतो. बाजूला बसलेला पंच सांगतो, तीन नंबर थोडी पुढे, पाच नंबर मागे, आणि हा पडल्या पडल्या होडी बोटभर सरकवतो. सिग्नल झाला की नुसती सोडायची, ढकलायची नाही. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओत सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने वल्हवायच्या होडीच्या शर्यतीत) उतरला तेव्हा त्याच्याही मागे असंच कुणीतरी पालथं पडलेलं असेल. गोदावरीवर सराव करणाऱ्या पोरांनी हे काम मागून घ्यावं.

११. मला डोपिंग विभाग मिळालाय. लघवीचा नमुना मी घ्यायचा का? घरचे हसतायत.

तुम्ही बाथरूममध्ये जाणारच नाही. तुमचं पद शॅपरोन. खेळाडूला ‘तुमची चाचणी आहे’ हे सांगायचं, फॉर्मवर सही घ्यायची आणि त्या क्षणापासून डोपिंग कंट्रोलच्या खोलीत पोचेपर्यंत त्याच्यावरची नजर हटवायची नाही. नमुना देताना समोर असतो तो त्याच लिंगाचा प्रशिक्षित माणूस.

ऐकायला सोपं आहे. पण नुकतं पदक जिंकलेला माणूस आईला शोधत असतो, प्रशिक्षक त्याला ओढत असतो, पत्रकार हाका मारत असतात. पदक समारंभ, पत्रकारांशी बोलणं, अंग मोकळं करणं, उपचार, पुढची शर्यत, यासाठी त्याला वेळ मिळतो. तेवढा वेळ तुम्ही दोन पावलं मागे. पाणी सीलबंदच, आणि बाटली त्यानेच निवडून त्यानेच उघडायची. आपुलकीने झाकण उघडून दिलंत तरी नंतर वकील त्यावर बोट ठेवू शकतो.

मग खरी प्रतीक्षा. नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो आणि उन्हात घाम गाळून आलेल्या माणसाच्या अंगात तेवढं पाणी उरलेलं नसतं. ढसाढसा पाणी पिऊन दिलं तर नमुना फार पातळ निघतो, म्हणजे पुन्हा थांबा. मध्यरात्र उलटते. परतीची सोय आधीच बघून ठेवा (प्रश्न १६). आणि कुणाची चाचणी झाली हे घरच्या हसणाऱ्यांनाही सांगायचं नाही.

१२. ओळखपत्रावर रंग आणि आकडे आहेत, त्यांचा अर्थ काय?

तुम्हाला कुठे जाता येतं, एवढाच. ऑलिंपिकच्या धर्तीवरच्या कार्डांवर निळा म्हणजे प्रत्यक्ष खेळाची जागा, लाल म्हणजे कामकाजाचा भाग, पांढरा म्हणजे सगळ्यांच्या येण्याजाण्याचा. आकड्यांत २ खेळाडूंच्या तयारीचा, ४ पत्रकारांचा, ५ प्रसारणाचा. कार्ड विसरलात तर सुपरवायझर ओळखीचा असूनही आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कार्डाचा फोटो स्टेटसला टाकू नका, त्यावर बारकोड असतो.

१३. खेळाडूबरोबर सेल्फी? निदान एक रील?

ड्यूटीवर नाही. सही मागणंही नाही. कॉल रूम, वैद्यकीय कक्ष, डोपिंग, क्रीडाग्राम इथे फोन खिशातून बाहेरच काढू नका. पडद्यामागचं चित्रण हा प्रसारण हक्कांचा मामला आहे आणि रील टाकल्यावर त्याच संध्याकाळी कार्ड काढून घेतलं जाऊ शकतं. बाहेर, ड्यूटी संपल्यावर, खेळाडू स्वतः थांबला तर खुशाल काढा.

स्पर्धेवर पैसे लावणंही बंद, मित्रासाठीसुद्धा. ‘आज अमुक खेळाडू लंगडतोय’ एवढी बातमी बाहेर देणंही त्याच नियमात येतं.

१४. आधारवर नाव एक, पासपोर्टवर दुसरं. चालेल का?

आपल्याकडून सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी मधे असतं, कधी नसतंच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या कागदपत्रांवर तर तीन तऱ्हा. सुरक्षा तपासणी संगणक करतो, त्याला ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे कळत नाही. परदेशातल्या स्पर्धेसाठी पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन्‌अक्षर भरा. देशातल्यासाठी जो पुरावा जोडाल त्याबरहुकूम. कागद दुरुस्त करायचे असतील तर भरती उघडण्याआधी करा.

पोलिसांचा दाखला दोन प्रकारचा असतो. परदेशासाठी पासपोर्ट सेवेतून मिळणारा पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट), ५०० रुपये. देशातल्या कामासाठी स्थानिक पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, तेही ऑनलाइन. नाशिक शहरात राहत असाल तर अर्ज आयुक्तालयाकडे जातो, सिन्नर-चांदवडकडचे असाल तर ग्रामीण पोलिसांकडे. चुकीचं पोलीस ठाणं निवडलं की आठवडा-दोन आठवडे वाया.

१५. परदेशी स्पर्धेत निवड झाली म्हणजे व्हिसा मिळालाच ना?

नाही. निवड आयोजक करतात, व्हिसा तिथलं सरकार देतं. कतारने ‘हय्या’ या स्पर्धेच्या ओळखपत्रावरच प्रवेश दिला होता, पण सगळे देश तसं करत नाहीत. टोकियोत तर कोविडमुळे बाहेरच्या बहुतेक स्वयंसेवकांना शेवटी येताच आलं नाही. अंतिम नेमणूक आणि व्हिसा, दोन्ही हातात आल्याशिवाय परत न होणारं विमानाचं तिकीट काढू नका. ‘व्हॉलंटियर व्हिसा करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटबद्दल प्रश्न ७ पुन्हा वाचा.

१६. माझी मुलगी १९ वर्षांची आहे. नवी मुंबईत मोठी मॅच आहे, ड्यूटी रात्री संपणार. पाठवू का?

ताई, पाठवा, पण आधी चार गोष्टी तिलाच विचारायला लावा: राहण्याची सोय आयोजकांची आहे की तिची तिने करायची, मुलींची व्यवस्था वेगळी आहे का, ड्यूटी संपल्यावर मुक्कामापर्यंत गाडी आहे का, तक्रार कुणाकडे करायची. या चारांची लेखी उत्तरं नसतील तर नको.

मॅच अकराला संपली तरी स्वयंसेवक बारा-साडेबाराशिवाय सुटत नाही. त्या रात्रीच नाशिकला परत यायचा हट्ट धरू नका. समृद्धी झाल्यापासून ‘तीन तासांत घरी’ असं सगळे म्हणतात, पण दिवसभर उभं राहिलेल्या पोराने रात्री दोनला गाडी चालवायची नसते. नेरूळ-वाशीकडे नातेवाईक असतील तर तिथे, नाहीतर दोघी-तिघींनी मिळून खोली घ्यावी आणि सकाळी निघावं. सुपरवायझरचा नंबर तुमच्याकडे असावा. ड्यूटीवर असताना तिने फोन उचलला नाही तर मात्र घाबरू नका, तसा नियम असतो.

१७. कॉलेज हजेरी देईल का? एनएसएसचे तास धरतील का?

एनएसएसला वर्षाला १२० तास लागतात, दोन वर्षांत २४०. बाहेरच्या स्पर्धेचे तास त्यात धरायचे की नाही हे कार्यक्रम अधिकारी ठरवतात, म्हणून जाण्याआधी लेखी परवानगी घ्या. आल्यावर विनवण्या करून उपयोग नसतो. नोकरदारांनी स्वतःची रजा टाकावी. परीक्षा आणि स्पर्धा एकत्र आल्या तर परीक्षा द्या.

१८. मला मधुमेह आहे, शिवाय चतुर्थीचा उपवास असतो. जेवणाचं कसं होतं?

मधुमेह अर्जात लिहा, सुपरवायझरलाही सांगा. त्यामुळे नाव वगळत नाहीत, उलट वेळेवर खायला सोडतात. औषधं आणि इन्सुलिन नेताना डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा, नाहीतर गेटवरच अडवतील. परदेशात शाकाहारी मिळतं, पण त्याच त्या सॅलडला दोन दिवसांत कंटाळाल. उपवासाचं मात्र तिथे कुणाला समजावत बसू नका. राजगिऱ्याचे लाडू, खजूर बरोबर ठेवा. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का ते आधी विचारा. निर्जळी असेल तर त्या दिवसाची उन्हातली ड्यूटी बदलून घ्या. चक्कर येऊन पडलात तर तुम्हाला सांभाळायला दोन स्वयंसेवक कमी होतात.

१९. मी जिल्हा पातळीचा पंच आहे. स्वयंसेवक म्हणून अर्ज केला तर पंचगिरी मिळेल का?

नाही. पंचांची नेमणूक राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय महासंघ त्यांच्या यादीतून करतात, तुमचा रस्ता संघटनेतून जातो. स्वयंसेवक म्हणून गेलात तर शिट्टी घरी ठेवा. समोर चुकीचा निर्णय झाला तरी गप्प बसावं लागेल, जमणार असेल तरच जा.

असाच गोंधळ गाइड रनरबद्दल होतो. अंध धावपटूबरोबर दोरी धरून पळणारा हा स्वयंसेवक नव्हे. तो स्पर्धकच असतो, खेळाडूइतकाच सराव करतो आणि पदकही घेतो. पॅरा स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर एक सवय आधीच लावून घ्या. व्हीलचेअरला न विचारता हात लावायचा नाही, चढावर दमलेला दिसला तरी.

२०. मधेच सोडून आलं तर काही कारवाई होते का?

दंड वगैरे सहसा नाही. टोकियोत स्पर्धेआधीच सुमारे १०,००० जणांनी माघार घेतली होती. पण न सांगता गायब होणं आणि कळवून जाणं यात फरक आहे. रात्री कळवलंत तर सकाळच्या पाळीला दुसरा माणूस मिळतो. घरी आजारपण आलं, ड्यूटी झेपेना, वागणूक वाईट मिळाली, कारण काहीही असो, एक मेसेज टाका आणि कार्ड परत करा. एकाच गावचे चार-पाच जण एकत्र गायब झाले की त्या गावच्या पुढच्या अर्जांकडे आयोजक कसं बघणार, हे सांगायला नको.

२१. माझ्यासमोर भारताचा खेळाडू धावत असेल तर ओरडायचं पण नाही?

ड्यूटी खेळाडूंच्या भागात असेल तर नाही, टाळीसुद्धा नाही. तिथे सगळे देश सारखे. आडबाजूच्या कोपऱ्यात एखादा स्वयंसेवक मूठ आवळून नुसता हलला तरी सगळ्यांना कळतं, पण तेवढं चालवून घेतात. प्रेक्षक विभागात सगळ्यांसाठी टाळ्या वाजवा, आपल्यासाठी जरा जोरात वाजल्या तर कुणी मोजत नाही. पाकिस्तानविरुद्ध सामना असेल त्या दिवशी मात्र चेहराही सांभाळा, कॅमेरे फिरत असतात.

२२. स्पर्धा संपल्यावर गणवेश विकता येतो का? चांगली किंमत येते म्हणे.

कपडे आणि बूट बहुतेक वेळा तुमचेच होतात. रेडिओ, कार्ड रीडर, लॉकरची किल्ली मात्र परत करावी लागते. विकायचे असतील तर स्पर्धा संपल्यावर, आणि करारात मनाई नाही ना हे बघून. स्पर्धा चालू असताना गणवेश दुसऱ्याला देणं हा सुरक्षेचा भंग समजतात, भावालासुद्धा द्यायचा नाही. किमतीचं म्हणाल तर पिनांना, म्हणजे कपड्यावर लावायच्या छोट्या बिल्ल्यांना, जास्त गिऱ्हाईक असतं. वेगवेगळ्या संघांच्या पिना अदलाबदल करणारे लोक गेटबाहेर भेटतात. भारताच्या दोन-चार बरोबर न्या.